गाणगापूरची वाट आणि विजेची ताकद

प्रश्न : पुण्याहून पौर्णिमेला पेट्रोल टर्बो गाडीने गावी, गाणगापूरला येतो. वेगाची आवड आहे. आता चाकणची विजेवरची महिंद्रा बीई ६ घ्यावी का? ती मजा राहील का?
– एक वाचक

उत्तर : वेग नक्की मिळेल. ७९ किलोवॉट-तास बॅटरीची बीई ६ शून्यातून शंभरचा वेग ६.७ सेकंदांत गाठते, असा कंपनीचा दावा आहे. टर्बोला दाब तयार व्हायला क्षणभर लागतो. मोटरचा ३८० न्यूटन-मीटर टॉर्क चाक फिरण्याआधीच हजर असतो. ट्रक ओलांडताना हा फरक जाणवतोच. इंजिनाचा चढत जाणारा आवाज मात्र हरवेल, आणि ते दुःख खरं आहे. अमेरिकेत डॉजने २०२३ अखेर व्ही-८ चॅलेंजर थांबवली आणि विजेवरच्या ‘चार्जर’ गाडीला कृत्रिम गर्जना दिली. मला ती पटत नाही.

पल्ल्याचा हिशेब मात्र नीट करा. ताशी ८० वरून ११० वर गेलात, की हवेचा विरोध जवळजवळ दुप्पट होतो. कागदावरचे ६८३ किलोमीटर तिथेच आटतात. सोलापुरात ८० टक्क्यांपर्यंत चार्ज करा, त्यापुढे चार्जिंग मंदावतं. तेवढ्या चार्जवर अक्कलकोटमार्गे गाणगापूर, संगमावरचं स्नान आणि सोलापूरपर्यंतची परतवाट आरामात होते. घरी पार्किंगमध्ये चार्जर बसणार असेल, तरच गाडी बुक करा.