घर्षणाचे दोन चेहरे : ब्रिटनच्या डोंगरवाटांवरील सायकल

घर्षण हा यंत्राचा शत्रू आहे, असे आपण शाळेत शिकतो. त्याच धड्यात पुढे असेही वाचतो की, घर्षण नसते तर आपल्याला चालताही आले नसते. ही दोन्ही विधाने खरी आहेत. पण दोन्ही एकाच यंत्रात, एकाच वेळी आणि एकमेकांपासून वीतभर अंतरावर खरी ठरताना पाहावयाची असतील, तर डोंगरवाटेवर धावणाऱ्या सायकलीकडे पाहावे. तिची निगा राखणे म्हणजे घर्षण हवे तेथे टिकविणे आणि नको तेथून हटविणे, एवढेच होय. या दोहोंची अदलाबदल झाली, तर मात्र उतारावर स्वाराच्या जिवावर बेतू शकते.

ब्रिटनच का?

सायकलीच्या इतिहासात ब्रिटनचे स्थान मोठे आहे. १८८० साली मँचेस्टर येथे हान्स रेनॉल्ड यांनी पिन, नळी आणि फिरता रोलर असलेली साखळी तयार केली. १८८५ मध्ये कॉव्हेंट्री शहरात जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ सायकल आली. दोन जवळजवळ सारखी चाके आणि साखळीने फिरणारे मागचे चाक ही तिची रचना आजही कायम आहे. १८८८ मध्ये बेलफास्ट येथे राहणारे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले.

डोंगरात धावण्यासाठी मुद्दाम बनविलेली ‘माउंटन बाइक’ मात्र १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात जन्मली. ब्रिटनमधील हौशी सायकलस्वार त्याआधीच साध्या सायकली घेऊन डोंगर तुडवीत होते. १९५५ मध्ये त्यांनी ‘रफ स्टफ फेलोशिप’ नावाचे मंडळही स्थापन केले होते. पुढे १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. लीड्स येथे जन्मलेल्या टॉम पिडकॉकने २०२१ मध्ये टोकियोत आणि २०२४ मध्ये पॅरिसमध्ये ब्रिटनला त्यात सुवर्णपदक मिळवून दिले.

ब्रिटनचा विचार करण्याचे आणखी एक कारण म्हणजे तेथील पाऊस. लेक डिस्ट्रिक्टमधील सीथवेट या खेड्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपल्या कोकणातही एवढा पाऊस पडतो. पण तो चार महिन्यांत पडून जातो. तेथे तो वर्षभर पडत राहतो. त्यामुळे वाट ओली आणि सायकल चिखलाने माखलेली, हे दृश्य नेहमीचेच.

खडक आणि साखळी

हा चिखल सगळीकडे सारखा नसतो. इंग्लंडच्या दक्षिणेस विंचेस्टरपासून ईस्टबोर्नपर्यंत ‘साउथ डाउन्स वे’ ही सुमारे १६० किलोमीटरची वाट आहे. ती खडूच्या टेकड्यांवरून जाते. खडू मऊ असतो. त्याचा काठिण्यांक सुमारे ३. ओला झाला की तो साबणासारखा निसरडा होतो आणि चाकांना लेपासारखा चिकटतो. त्यातच चकमकीच्या दगडाचे धारदार तुकडे असतात आणि ते टायर कापतात.

उत्तरेकडे पेनाइन डोंगरात भरड वालुकाश्म आढळतो. त्यापासून पूर्वी जात्याचे दगड घडवीत, म्हणून त्याला ‘मिलस्टोन ग्रिट’ असे नाव पडले. अर्धवट घडवून सोडून दिलेली मोठाली जाती त्या डोंगरांत आजही पडलेली दिसतात. हा खडक झिजला की त्यातून गारगोटीचे कण सुटतात. गारगोटीचा काठिण्यांक ७, तर चाकूच्या पोलादाचा सुमारे साडेपाच. जो पदार्थ अधिक कठीण तो दुसऱ्याला ओरखडतो, हा नियम आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा जात्याच्या दगडाची ही वाळू साखळीत शिरली की ती साखळीलाच दळू लागते!

साखळी ‘ताणली’ असे आपण म्हणतो. वस्तुतः तिच्या पट्ट्या फारशा ताणल्या जात नाहीत. झिजते ती प्रत्येक सांध्यातील पिन आणि तिच्याभोवतीची नळी. आजच्या पातळ साखळ्यांत स्वतंत्र नळी नसते, आतल्या पट्टीची कड तिचे काम करते; पण तत्त्व तेच. सांधा झिजला की एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचे अंतर थोडे वाढते. नव्या साखळीत हे अंतर बरोबर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. त्यात अर्धा टक्का वाढ म्हणजे सुमारे ०.०६ मिलिमीटर, साधारण आपल्या एका केसाच्या जाडीइतकी! पण साखळीत असे सुमारे १२० सांधे असतात. सगळ्यांची झीज मिळून साखळी ७ मिलिमीटरहून अधिक लांबते.

लांबलेली साखळी दातेरी चक्राच्या खाचांत नीट बसत नाही. ती दात्यांच्या माथ्याकडे चढते, भार थोड्याच दात्यांवर पडतो आणि ते झिजून आकड्यासारखे वाकडे दिसू लागतात. मग नवी साखळी घातली, तरी ती या झिजलेल्या दात्यांवरून घसरते. वेळीच साखळी बदलली तर चक्र वाचते. उशीर झाला तर दोन्ही बदलावी लागतात.

डोंगरात हे अधिक जाणवते, कारण चढावर साखळीवर फार ताण येतो. पुढच्या चक्राला ३२ आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला ५१ दाते असतील, तर पायटा एकदा फिरविल्यावर मागचे चाक ३२ भागिले ५१, म्हणजे सुमारे ०.६३ फेराच फिरते. चाकाचा परीघ २.३ मीटर धरला, तर सायकल दीड मीटरहून कमी पुढे जाते. मागे १० दात्यांचे चक्र घेतले, तर तेवढ्याच फेऱ्यात ती ७ मीटरहून अधिक जाते. अंतर सोडून देऊन जोर मिळवायचा, हा तरफेचाच नियम येथे काम करतो.

टायर : घर्षण हवे आहे

रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीत हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६ किलोग्रॅम ठेवतात. डोंगरी सायकलीच्या रुंद टायरमध्ये तो पावणेदोनच्या आसपास असतो. स्वार आणि सायकल मिळून ८० किलोग्रॅम वजन दोन चाकांवर सारखे वाटले, तर प्रत्येक चाकावर ४० किलोग्रॅम येते. भाराला दाबाने भागले की टायरचा जमिनीला टेकलेला भाग साधारण कळतो. शर्यतीच्या सायकलीत तो ७ चौरस सेंटिमीटरपेक्षाही कमी भरतो, तर डोंगरी सायकलीत जवळजवळ २३. हा मोठा, मऊ भाग दगडाच्या उंचवट्यांवर लपेटला जातो आणि त्यावरच्या रबरी गाठी मातीत रुततात. म्हणून ओल्या वाटेवर पकड मिळते.

ब्रेक : उतरणीचा हिशेब

स्वार आणि सायकल मिळून वजन ८५ किलोग्रॅम आहे आणि ती २०० मीटर उंचीवरून खाली उतरते, असे समजा. तिची स्थितिज ऊर्जा ८५ × ९.८ × २००, म्हणजे सुमारे १,६७,००० ज्यूल इतकी कमी होते. ही ऊर्जा नाहीशी होत नाही. तिच्यामुळे वेग वाढू द्यावयाचा नसेल, तर तिची उष्णताच व्हावयास हवी. एवढ्या उष्णतेत अर्धा लिटर पाणी २० अंशांपासून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापेल. काही भाग हवेचा आणि वाटेचा विरोध घेतो. बाकीची उष्णता ब्रेकच्या पोलादी चकत्यांत निर्माण होते. चकतीचे वजन थोडे असल्यामुळे ती भराभर तापते आणि वाऱ्याने निवते. म्हणूनच जाणते स्वार ब्रेक सतत दाबून न धरता मधूनमधून जोराने दाबतात आणि सोडतात. उतरणीनंतर चकतीला बोट लावणे म्हणजे तव्याला बोट लावण्यासारखेच आहे.

आता या लेखातील महत्त्वाची गोष्ट. मागच्या चाकाच्या एका अंगाला साखळी असते आणि दुसऱ्या अंगाला ब्रेकची चकती. मध्ये अंतर वीतभराचे. साखळीला तेल हे औषध आहे; ब्रेकला तेच विष आहे. ब्रेकच्या गाद्या सच्छिद्र असतात. त्यांत तेल मुरले की घर्षण एकदम घटते आणि ब्रेक दाबूनही सायकल थांबत नाही. अशा मुरलेल्या गाद्या बहुधा बदलाव्याच लागतात. फवाऱ्याने तेल मारणे म्हणूनच धोक्याचे.

निगा राखण्याचा क्रम

१. भटकंतीनंतर चिखल वाळण्याआधी साध्या पाण्याने सायकल धुवावी. जोरदार झोताने छर्‍यांच्या जागेतील ग्रीस निघून जाते आणि पाणी आत शिरते.

२. साखळी कापडाने पुसून कोरडी करावी. ब्रेकच्या चकतीवर स्वच्छ फडके झाकावे.

३. प्रत्येक रोलरवर तेलाचा एकच थेंब सोडावा, पायटा उलटा फिरवावा आणि तेल आत मुरू द्यावे.

४. मग बाहेरचे तेल पुसून काढावे. तेल हवे ते पिनेजवळ. बाहेर राहिलेल्या तेलात वाळू मिसळून खरवडणारा लेप तयार होतो.

५. निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत, चाके घट्ट आहेत ना, टायर कापलेला नाही ना, हे तपासावे.

वाटेचीही निगा

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६८ च्या कायद्याने घोडवाटांवर सायकल नेण्याचा हक्क मिळाला. मात्र पायी चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यावी, असे त्याच कायद्यात सांगितले आहे. केवळ पायवाट म्हणून नोंदलेल्या वाटांवर हा हक्क नाही. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागण्याच्या अटीवर बहुतेक मोकळ्या जमिनीवर जाता येते. वेल्समधील ‘कॉइड अ ब्रेनिन’, म्हणजे ‘राजाचे वन’, येथे १९९० नंतरच्या दशकात खास सायकलींसाठी दगड बसविलेल्या वाटा बांधण्यात आल्या.

वाटेच्या बाबतीतही प्रश्न घर्षणाचाच आहे. चाक फिरत असताना टायरचा टेकलेला भाग जमिनीवरून घसरत नाही. ब्रेक अतिशय दाबून चाक जाम केले की ते फरफटते, पकड कमी होते आणि माती खरवडली जाते. त्या चरातून पावसाचे पाणी वाहते, चर खोल होतो आणि काही पावसांत वाटेची घळ बनते. चाक फिरते ठेवून वेग कमी करणारा स्वार स्वतःलाही वाचवितो आणि वाटेलाही.

करून पाहा

आपल्या साध्या सायकलीच्या साखळीतही दोन पिनांतील अंतर अर्धा इंचच असते. साखळी पुसून ताठ धरा. एका पिनेच्या मध्यावर पोलादी पट्टीचा शून्य ठेवून पुढची चोविसावी पिन कोठे येते ते पाहा. नवी साखळी असेल, तर ती बरोबर १२ इंचांवर, म्हणजे ३०४.८ मिलिमीटरवर येईल. ती ३ मिलिमीटर पुढे गेली असेल, तर साखळी १ टक्का झिजली आणि बदलण्याची वेळ आली. अनेक गिअरांच्या पातळ साखळीला दीड मिलिमीटर हीच मर्यादा समजावी. शिक्षकांनी वर्गातील सर्व सायकलींची मोजमापे फळ्यावर मांडावीत. कोणती सायकल डांबरी रस्त्याने येते, कोणती मातीच्या वाटेने आणि कोणाच्या साखळीला नेमाने तेल मिळते, हे शेजारी लिहावे. घर्षणाचा धडा मग पुस्तकातून थेट सायकलींच्या रांगेत येऊन उभा राहील.