दिवेलागणीची शाळा



मुंबईत काही शाळा दिवसातून दोनदा भरतात. सकाळी मुले येतात. दप्तरे, डबे, गोंगाट. संध्याकाळी ती घरी जातात आणि इमारत शांत होते. दिवेलागण झाली की त्याच इमारतीत दुसरी शाळा भरते. बाके तीच, फळा तोच. पण विद्यार्थी निराळे. कोणी हॉटेलातले काम संपवून येतो, कोणी दुकानातले. कोणी बाई चार घरची धुणीभांडी आटोपून येते. हिला रात्रशाळा म्हणतात.

अशाच एका इमारतीत मी दिवसाच्या शाळेचा हेडमास्तर होतो. तिथे माझ्या हातून एक चूक झाली. ती आज तुम्हाला सांगतो.

आमच्या शाळेत सहावीत एक मुलगी होती. तिचे वडील एका गोदामात हमाली करत. एके दिवशी सकाळी ते ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले. टोपी हातात घेतलेली.

"गुरुजी, एक इचारायचं हुतं. रागावणार न्हाई न्हवं?"

"बोला की."

"आमच्याकडं मुकादमाची जागा निघालीया. मालक म्हणत्यात, माल किती आला, किती गेला ते वहीत लिहिता आलं तर तुला करतो. मी तिसरीपतूर शिकलोय गावाला. पर आता समदं इसरलो. मला कुठं शिकता येईल का?"

मी हसलो. वाईट मनाने नव्हे, पण हसलो. म्हटले, "अहो, या वयात आता काय शिकणार? पोरीला शिकवा म्हणजे झालं."

"ते बी खरंच," ते म्हणाले. टोपी डोक्यावर ठेवली आणि गेले.

त्या संध्याकाळी मी ऑफिसला कुलूप लावत होतो. रात्रशाळेची मंडळी जिना चढत होती. रोजच चढत. त्यांत एकदोघांचे केस पिकलेले होते. ते पाहिले आणि माझा हात कुलपावरच राहिला. सकाळी तो गृहस्थ याच जिन्यापाशी उभा होता. रात्रशाळेच्या शिक्षकांनी त्याला नक्की वाट दाखवली असती. त्यांच्याकडे पाठवायचे मला सुचलेच नाही!

दुसऱ्या दिवशी मी मुलीजवळ निरोप दिला. तिचे वडील आले नाहीत. पुन्हा दिला. तरी आले नाहीत. माणूस मोठ्या हिमतीने एकदा विचारायला येतो. तेव्हा त्याला हसले, की दुसऱ्यांदा येत नाही. मुकादमाची जागा दुसऱ्याला मिळाली, असे पुढे मुलीनेच सांगितले.

त्यानंतर मी टेबलावर एक वही ठेवली. मोठ्या माणसांना शहरात कुठे काय शिकता येते, ते तिच्यात लिहीत गेलो. तिच्यातले थोडे तुमच्यासाठी उतरवून देतो.

पहिली वाट : अक्षरओळख. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांच्यासाठी सरकारने २०२२ साली नवभारत साक्षरता कार्यक्रम सुरू केला. वय १५ वर्षांच्या पुढे असले म्हणजे झाले. वरची मर्यादा नाही. शिकवणारे स्वयंसेवक असतात. शेवटी वाचन, लेखन आणि हिशेब यांची परीक्षा होते. प्रत्येकी ५० गुण. घराजवळच्या सरकारी किंवा महापालिकेच्या शाळेत याची चौकशी करावी.

दुसरी वाट : अर्धवट राहिलेली शाळा. पुष्कळांची शाळा चौथी-पाचवीत सुटलेली असते. त्यांच्यासाठी महाराष्ट्र राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ आहे. पाचवी आणि आठवी या पातळ्यांच्या परीक्षा तिथे देता येतात. रोज वर्गात बसावे लागत नाही.

तिसरी वाट : दहावी. आठवी ते दहावीचे वर्ग रात्रशाळेत असतात. रात्रशाळेलाही जमत नसेल, तर बाहेरून परीक्षेला बसता येते. त्यासाठी जो अर्ज भरतात, त्याला लोक 'सतरा नंबरचा फॉर्म' म्हणतात. हे नाव ध्यानात ठेवा. कोणत्याही हायस्कुलात एवढे म्हटले की समजते. अर्जाची मुदत मात्र परीक्षेच्या कितीतरी आधी संपते. म्हणून शाळा सुरू झाल्या की लगेच विचारावे.

चौथी वाट : हातचे काम. भारतातले पहिले श्रमिक विद्यापीठ १९६७ साली आपल्या मुंबईतच निघाले. कामगाराने काम सांभाळून नवे काम शिकावे, हा त्याचा हेतू. पुढे अशा संस्थांना जन शिक्षण संस्थान हे नाव मिळाले. शिवणकाम, विजेची कामे असे शिक्षण तिथे मिळते. थोडे शिकलेल्यांनाही घेतात. आय. टी. आय.मध्ये बहुतेक कामांना दहावी लागते. पण काही कामांना दहावी नापासही चालतो.

पाचवी वाट : पुढचे शिक्षण. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. नोकरी करता करता पदवी घ्यायची, तर त्याची अभ्यासकेंद्रे शहरात आहेत.

कोणी म्हणेल, ही नवी थेरं आहेत. तसे नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी आणि मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्याने शिकायचे कधी, तर रात्री. हे त्यांनी ओळखले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. तिथे तास सकाळी ठेवले, म्हणजे विद्यार्थ्याला पुढे दिवसभर नोकरी करता यावी. या थोर माणसांनी शाळेची वेळ बदलली, पण गरिबाला 'तू शिकू नको' असे म्हटले नाही. मी ते म्हटले होते.

आता चौकशीला कसे जावे? एकटे जायला लाज वाटली तर शेजाऱ्याला बरोबर घ्या. आधारकार्ड आणि शाळा सोडल्याचा दाखला जवळ ठेवा. दाखला हरवला म्हणून अडून बसू नका. गावच्या शाळेच्या रजिस्टरात तुमचे नाव असते. तिथे अर्ज केला की दुसरी प्रत मिळते. फी किती, वर्ग किती वाजता, हे तिथल्या ऑफिसातच विचारा. वेळा दर वर्षी बदलतात. पैसे दिले तर पावती घ्या. "पैसे द्या, अभ्यास न करता पास करून देतो," असे कोणी म्हणाला, तर त्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. अशा दाखल्यावर नोकरी लागली, तरी ती टिकत नाही.

तुम्ही हा पाठ वाचू शकता, म्हणजे तुमच्यापुढची पहिली वाट संपत आली आहे. उद्या तुम्हालाही कोणी भीत भीत विचारील, "मला शिकता येईल का?" तेव्हा त्याचे वय पाहू नका. माहीत असेल ते सांगा. माहीत नसेल तर त्याच्याबरोबर शाळेपर्यंत चालत जा. मी तेवढे केले असते, तर एका घरात मुकादमाचा पगार आला असता.

कठीण शब्द

दिवेलागण – संध्याकाळी दिवे लावण्याची वेळ
मुकादम – मजुरांवर देखरेख करणारा
थेरं – नसती सोंगे
वाऱ्याला उभे न राहणे – अगदी दूर राहणे

प्रश्न

१. मुलीचे वडील हेडमास्तरांकडे का आले होते?
२. हेडमास्तरांची चूक कोणती?
३. पुण्यात १८५५ साली रात्रीची शाळा कोणी काढली?
४. दहावीला बाहेरून बसण्याच्या अर्जाला लोक काय म्हणतात?

करून पाहा

तुमच्या घराजवळ रात्रशाळा कुठे आहे, ते शोधा. तिचे नाव, पत्ता आणि वेळ एका कागदावर लिहा. तो कागद चाळीच्या जिन्याजवळ, सर्वांना दिसेल असा लावा.