माळढोक आणि गवताचा माळ

महसुलाच्या दप्तरात ज्या जमिनीस ‘पडीक’ म्हणून नोंदले जाते, त्यांपैकी पुष्कळ जमीन वस्तुतः पडीक नसते. राजस्थानच्या थर वाळवंटातील जैसलमेर जिल्ह्याचे उदाहरण घ्यावे. तेथील वालुकामय सपाट प्रदेशात सेवण नावाचे बहुवर्षायू गवत उगवते. त्याची मुळे वाळू धरून ठेवतात, अल्प पावसावरही त्यास फुटवे येतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या गाई व मेंढ्या यांची गुजराण त्यावर होत आली आहे. याच गवताच्या आश्रयाने माळढोक पक्षी राहतो. तिकडे त्यास गोडावण म्हणतात व १९८१ साली त्यास राज्यपक्ष्याचा मान देण्यात आला.

माळढोक उंचीने सुमारे एक मीटर असून नराचे वजन पंधरा किलोच्या जवळपास जाऊ शकते. एवढा जड पक्षी उडू शकतो, हेच नवल होय. टोळ, नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे व धान्याचे दाणे हे त्याचे खाद्य. त्याच्या खाण्यात पिकावरील किडे मोठ्या प्रमाणात येतात, ही गोष्ट शेतकऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. मादी उघड्या जमिनीवर, बहुधा पावसाळ्यात, एकच अंडे घालते आणि सुमारे चार आठवडे एकटीच ते उबविते. कोंबडीप्रमाणे दहाबारा पिल्ले एका वेळी निघत नसल्यामुळे, एक अंडे कुत्र्याने खाल्ले की ती संपूर्ण वीण गेली असे समजावे.

१९६९ साली देशात या पक्ष्यांची संख्या सुमारे १,२६० असावी असा अंदाज करण्यात आला होता. २०१८ च्या सुमारास ती दीडशेच्या आसपास आली, आणि त्यांतील बहुतेक पक्षी थरमध्येच उरले. प्रारंभी शिकारीने मोठी हानी केली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस पूर्ण बंदी झाली. तथापि पक्ष्यास कायद्याचे संरक्षण लाभले, तरी त्याच्या माळास ते तेवढ्या प्रमाणात लाभले नाही. जैसलमेरजवळ १९८० साली राष्ट्रीय मरु उद्यान घोषित झाले, परंतु पक्षी उद्यानाच्या सीमेत थांबत नाहीत.

ज्या कालव्याचे काम १९५८ साली सुरू झाले व जो आज इंदिरा गांधी कालवा म्हणून ओळखला जातो, त्याच्या पाण्याने वाळवंटात पिके उभी राहिली. तहानलेल्या मुलखाने पाण्याचे स्वागत करावे हे स्वाभाविकच आहे; मात्र सेवणाचे विस्तीर्ण पट्टे नांगराखाली गेले. हिरवेपणाच्या हौसेने उघड्या माळावर झाडे लावण्यात आली, तीही या पक्ष्यास मानवली नाहीत, कारण दूरवर नजर पोचेल अशी मोकळी जागाच त्यास निर्धास्त वाटते. अलीकडे पवनचक्क्या व सौर विद्युत केंद्रे यांच्या तारांचे जाळे माळावर पसरले आहे. माळढोकाची समोरची दृष्टी अधू असते व जड अंगामुळे त्यास ऐन वेळी वळता येत नाही. साहजिकच तारेवर आदळून पक्षी मरतात. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व २०२१ साली तारा भूमिगत करण्याविषयी आदेश झाला; २०२४ साली त्यात फेरबदल होऊन तज्ज्ञांची समिती नेमण्यात आली.

२०१९ पासून जैसलमेर जिल्ह्यात सम येथे रानातील अंडी उबवून पिल्ले वाढविण्यात येत आहेत. हा उपक्रम स्तुत्य होय. परंतु वाढलेली पिल्ले सोडावयाची कोठे? त्यासाठी गवताचा माळच हवा.

महाराष्ट्रासही हा अनुभव नवा नाही. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचा माळ एके काळी माळढोकासाठी प्रसिद्ध होता. आज तेथे पक्षी क्वचितच दिसतो. १९७९ च्या अभयारण्याच्या सीमेत सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर क्षेत्र आले व खाजगी शेतीही त्यात सापडली. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आल्याने शेतकऱ्यांच्या मनात पक्ष्याविषयीच अढी बसली. पुढे हे क्षेत्र पुष्कळच कमी करण्यात आले. ज्याच्या बांधावर पक्षी उतरतो त्यास विश्वासात न घेता आखलेली सीमा कागदावरच राहते, हे ग्रामसेवकांनी नजरेआड करू नये.

गावाच्या हाती बरेच आहे. गायरानावर वृक्षलागवडीचे चर खणण्यापूर्वी तेथे चांगले गवत आहे काय, हे आधी पाहावे. पावसाळ्यात माळाचा काही भाग आळीपाळीने चराईस बंद ठेवल्यास गवतास बी धरते, वैरण वाढते व घरट्यासही शांतता लाभते. मेलेली जनावरे माळावर टाकू नयेत, कारण त्यामुळे मोकाट कुत्री जमतात. जमिनीवर मातकट रंगाचे मोठे अंडे आढळल्यास त्यास हात न लावता आल्या वाटेने परतावे व वनरक्षकास कळवावे. गवताची कापणी बी झडल्यानंतर करावी आणि ती मध्यापासून कडेकडे करीत न्यावी, म्हणजे आत दडलेल्या पाखरांस बाहेर पडण्यास वाट राहते.