कोंबडीचे काळीज आणि पोटा : घरचा स्वस्त, लोहयुक्त आहार

परसात पाच-दहा गावरान कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबात आखाडात, जत्रेला किंवा पाहुणा आला की एखादा पक्षी कापला जातो. मांस पातेल्यात जाते. पोटा आणि पाय मात्र साफ करण्याच्या कंटाळ्यामुळे पुष्कळ ठिकाणी कुत्र्यापुढे पडतात. काळीज तेवढे ठेवले जाते, पण ते बहुधा घरच्या कर्त्या पुरुषाच्या नाहीतर पाहुण्याच्या वाटीत जाते. ज्यांना त्याची खरी गरज, त्या मुली आणि सुना रश्श्यावर भागवतात.

ही गरज किती मोठी आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटाच्या १०० पैकी ५७ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. रक्त कमी होण्याचे एक मोठे कारण म्हणजे आहारातील लोहाची उणीव. कोंबडीच्या १०० ग्रॅम कच्च्या काळजात सुमारे ९ मिलिग्रॅम लोह असते, पोट्यात सुमारे अडीच, तर तंगडीच्या मांसात जेमतेम १ मिलिग्रॅम. प्रथिने काळीज व पोटा या दोन्हींत १७ ते १८ टक्के असतात. शिवाय ज्वारी-बाजरीच्या भाकरीतील लोह एरवी अंगी कमी लागते. सोबत थोडे काळीज किंवा मांस असले की ते अधिक शोषले जाते. वर लिंबू पिळावे. चहा मात्र जेवणानंतर तासाभराने घ्यावा, कारण चहामुळे लोहाचे शोषण घटते.

साफ करताना पहिली काळजी पित्ताची. काळजाला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी फुटली तर सगळे कडू होते. म्हणून पिशवीला बोट न लावता तिच्याभोवतीचा काळजाचा थोडा भाग तिच्यासकट कापून टाकावा. पोटा कडेने उभा चिरून आतील दाणे व खडे काढावेत, धुवावा आणि आतले पिवळे अस्तर नखाने सोलून काढावे. पोटा ताजा असताना ते सहज सुटते. पाय मिनिटभर उकळत्या पाण्यात धरून वरची साल ओढून काढावी, नखे छाटावीत आणि आले-मिरे घालून रश्शासाठी शिजवावेत.

पाच माणसांच्या सुक्यासाठी पाव किलो पोटे व पाव किलो काळीज घ्यावे. एका पक्ष्याचे काळीज साधारण ४०-५० ग्रॅमच भरते, म्हणून उरलेले दुकानातून आणावे. ते सकाळीच घ्यावे, गर्द तांबूस, तुकतुकीत आणि वास नसलेले पाहून. दोन कांदे व अर्धी वाटी सुके खोबरे भाजून ८-१० लसूण पाकळ्या व आल्यासह वाटावे. पोट्याचे तुकडे हळद, मीठ आणि वाटीभर पाणी घालून कुकरमध्ये शिजवावेत. ब्रॉयलरला चार शिट्ट्या पुरतात, गावरानला सात-आठ लागतात. तेलात वाटण परतून दोन चमचे कांदा-लसूण मसाला घालावा, मग पोटे त्यांच्या पाण्यासह सोडावेत. काळीज सर्वांत शेवटी घालावे आणि झाकण ठेवून सात-आठ मिनिटे शिजवावे. पोट्याबरोबरच कुकरमध्ये घातले तर ते भुसभुशीत होते, आणि मग लोक म्हणतात काळीज चवीला बरे नाही. एक तुकडा कापून पाहावा. आत गुलाबी छटा राहता कामा नये. निखाऱ्यावर भाजलेले काळीज मुलांना फार आवडते, पण ते वरून करपते आणि आत कच्चे राहते, म्हणून लहान तुकडे करूनच भाजावे.

काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. काळजात अ जीवनसत्त्व इतके असते की गरोदर बाईने ते टाळावे; तिला पोटा द्यावा, तो चालतो. युरिक ॲसिड वाढलेल्यांनी दोन्ही बेताने खावे. काळजावर पांढरे ठिपके किंवा गाठी असतील, किंवा ते फार सुजलेले असेल, तर तो पक्षी खाऊ नये. कोंबड्यांना प्रतिजैविके दिली असतील तर औषधाच्या वेष्टनावर सांगितलेले दिवस उलटल्याशिवाय कापू नये, कारण औषधाचा अंश काळजात राहतो. आजारी किंवा आपोआप मेलेला पक्षी तर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू आला होता, हे पोल्ट्रीवाल्यांच्या स्मरणात असेलच. एकाएकी मरतूक दिसली तर मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने न शिवता पशुवैद्यकीय दवाखान्यात ताबडतोब कळवावे.

काळीज मांसापेक्षा लवकर नासते. फ्रीज नसेल तर ते त्याच दिवशी शिजवून संपवावे. आतडी व पिसे उघड्यावर न टाकता हातभर खोल खड्ड्यात चुना पसरून पुरावीत. खड्डा विहिरीपासून लांब असावा.