मतांविना मुख्यमंत्री

आपला आदिलाबाद जिल्हा पूर्वी तेलुगू, मराठी व कन्नड भाषकांच्या हैदराबाद राज्यात होता. त्याचे पहिले मुख्यमंत्री एम. के. वेल्लोडी हे पुढारी नव्हते, ते आय. सी. एस. अधिकारी. २६ जानेवारी १९५० रोजी केंद्राने त्यांना नेमले. त्याच वर्षी कूळकायदा झाला व संरक्षित कुळांना कसत्या जमिनीच्या खरेदीचा हक्क मिळाला. काम मोलाचे होते. परंतु वाणिज्य शाखेत मी शिकतो, की कुशल व्यवस्थापकालाही भागधारकांच्या वार्षिक सभेत हिशेब द्यावा लागतो. वेल्लोडींपुढे अशी सभा नव्हती. १९५२ च्या निवडणुकीनंतर बी. रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. कायदा अधिकारीही करील. तो कागदावरच राहिला तर कुळाने जाब कोणाला विचारावा? मताचे मोल मला येथे कळते.