कृष्णाकाठची कावीळ आणि प्रयोगशाळेतील यकृतपेशी

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाई, कराड, सांगली अशी वाटचाल करते. सातारा व सांगली जिल्ह्यांतील असंख्य गावांची तहान तिच्या पाण्यावर भागते. त्यामुळे पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा विचार या भागाला टाळता येणार नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी शहरात ‘हिपॅटायटिस ई’ या काविळीची मोठी साथ आली आणि हजारो नागरिक आजारी पडले.

यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूंचे ए, बी, सी, डी व ई असे पाच मुख्य प्रकार आहेत. पैकी ए व ई हे मैलामिश्रित पाण्यातून, तर बी व सी हे प्रामुख्याने रक्तातून पसरतात. ई प्रकारची कावीळ बहुधा आपोआप बरी होते. परंतु गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती झाल्यास मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. असे का होते, याचा पूर्ण उलगडा अद्याप झालेला नाही.

अभ्यासातील अडचण

१९५५-५६ मध्ये दिल्लीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. त्या वेळचे रक्तनमुने पुढे तपासले असता ती साथ ई प्रकारची असल्याचे दिसून आले. या विषाणूचा शोध मात्र १९८३ मध्ये लागला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनेही या रोगावर दीर्घकाळ संशोधन केले आहे.

विषाणू केवळ जिवंत पेशीतच वाढतो. शरीराबाहेर काढलेल्या यकृतपेशी मात्र थोड्याच दिवसांत आपले गुणधर्म गमावतात. कर्करोगाच्या गाठीतून मिळवलेल्या पेशी प्रयोगशाळेत दीर्घकाळ वाढतात. पण त्या निरोगी यकृतासारख्या वागत नाहीत आणि रुग्णाकडून घेतलेला विषाणू त्यांत सहजासहजी रुजत नाही. भारतात मुख्यत्वे आढळणारा ‘जनुकप्रकार १’ हा तर माणसाचाच विषाणू असल्याने उंदरांवरील प्रयोगही फारसे उपयोगी पडत नाहीत.

त्वचेपासून यकृताकडे

या अडचणीवर जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांच्या शोधाने मार्ग दाखवला. प्रौढ पेशीत चार जनुके कार्यान्वित केल्यास ती पुन्हा मूलपेशीच्या अवस्थेत जाते, हे त्यांनी २००६ मध्ये उंदराच्या व २००७ मध्ये मानवी पेशींवर सिद्ध केले. २०१२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशींपासून अशा मूलपेशी मिळतात. त्यांना ठरावीक क्रमाने वाढीची द्रव्ये दिली, की सुमारे तीन आठवड्यांत त्या यकृतपेशींसारखे काम करू लागतात.

अमेरिकेतील संशोधकांनी २०१२ मध्ये अशा पेशींत हिपॅटायटिस सी विषाणूची लागण घडवून दाखवली. २०१६ मध्ये बेल्जियममधील व २०१८ मध्ये न्यूयॉर्कमधील संशोधकांनी मूलपेशींपासून बनवलेल्या यकृतपेशींत ई विषाणू वाढवला. न्यूयॉर्कच्या प्रयोगांत माणसाला बाधणारे त्याचे चारही प्रमुख जनुकप्रकार वाढले.

याचे महत्त्व औषधांच्या दृष्टीने मोठे आहे. या विषाणूवर काही रुग्णांत वापरले जाणारे रिबाविरिन हे औषध गर्भाला अपायकारक असल्याने गरोदर स्त्रीस देता येत नाही. म्हणजे ज्या रुग्णाला सर्वाधिक धोका, तिलाच औषध नाही. नव्या औषधांची प्राथमिक पारख आता या पेशींवर करता येते. निरनिराळ्या व्यक्तींपासून बनवलेल्या पेशींवर विषाणूचा परिणाम पडताळून पाहणेही शक्य झाले आहे. अर्थात या पेशी पूर्ण प्रौढ यकृतपेशींइतक्या परिपक्व नसतात, ही त्यांची मर्यादा होय.

गावाचे कर्तव्य

प्रयोगशाळेतील संशोधनाचे फळ रुग्णापर्यंत पोहोचण्यास काळ लागतो. विहिरीत किंवा टाकीत टी.सी.एल. पावडर मात्र आजच टाकता येते. नळाच्या शेवटच्या टोकाला पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे; विषाणूंचा धोका असेल तेव्हा हे प्रमाण किमान ०.५ मिलिग्रॅम असावे, असे भारतीय मानक सांगते. जलसुरक्षकाने रोज ओ.टी. चाचणी करून नोंद ठेवावी. जलवाहिनीची गळती, विशेषतः गटाराजवळची, तत्काळ दुरुस्त करावी. पुराचे पाणी ओसरल्यावर तर पाण्याचे सर्व उद्भव शुद्ध केल्याखेरीज वापरू नयेत. गावातील एखाद्या गरोदर स्त्रीस कावीळ झाल्याचे दिसताच तिला विनाविलंब रुग्णालयात पोहोचविणे, ही पंचायतीने आपली जबाबदारी मानली पाहिजे.