‘प्ले थेरपी’ची पाटी वाचल्यावर

पैसे भरण्याआधी एवढं विचारा: खोलीत मूल काय खेळणार, हे कोण ठरवतं? थेरपिस्ट कधी खेळ सुचवतोही, पण का सुचवला हे त्याला सांगता आलं पाहिजे. ‘आम्ही रोज वेगळी ॲक्टिव्हिटी घेतो’ एवढंच उत्तर आलं, तर तो छंदवर्ग समजा.

सासूबाई गेल्या तेव्हा आमची मुलगी सहा वर्षांची होती. दाराशी अँब्युलन्स आली, आजीला घेऊन गेली, आजी परतली नाही. त्यानंतर मुलगी अंथरूण ओलं करू लागली, शाळेत बोलेनाशी झाली. डॉक्टरांनी तपासलं, शारीरिक काही नाही म्हणाले आणि समुपदेशन सुचवलं. ओळखीतून एक सेंटर कळलं. भिंतभर कार्टून, खच्चून भरलेली कपाटं, पॅकेज घेतलं तर सवलत. तिथल्या ताई तिच्यापुढे चेहऱ्यांची वर्कशीट ठेवायच्या. ‘आजीची आठवण येते ना? मग कुठला चेहरा?’ खूण केली की स्टिकर. संध्याकाळी फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. आमच्या लेकीचा रडवेला चेहरा अनोळखी लोकांच्या फोनमध्ये! पोरगी हुशार, हसऱ्या चेहऱ्यावर खूण करायला लवकरच शिकली. चादर मात्र रोज धुवावी लागत होती. ताईंचं शिक्षण विचारलं, तर शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स.

आपल्याकडे प्ले थेरपिस्टला वेगळा सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे पाटी कुणीही लावतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नंबर मागा, भीड बाळगू नका. मुलांसोबत खेळातून काम करायला कुठे शिकलात, कुणाच्या देखरेखीखाली, हेही विचारा. चांगला माणूस रागावत नाही.

आम्हाला पुढे भेटलेल्या मॅडमची खोली पाहून नवरा म्हणाला, ‘एवढीशीच खेळणी?’ बाहुल्यांचं कुटुंब, डॉक्टरचा संच, चार गाड्या, वाळूचा ट्रे. सगळं दर वेळी त्याच जागी. वाळूचा ट्रे ही मार्गारेट लोवेनफेल्ड यांची देणगी. त्यांनी लंडनमध्ये 1928 साली मुलांसाठी दवाखाना काढला होता. मुलाने वाट दाखवायची, मोठ्यांनी घाई करायची नाही, हे व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी 1947 च्या पुस्तकात मांडलं. मॅडम तेच करत होत्या.

पहिल्या दिवशी मी दाराशी बसले होते. लेकीने म्हातारीची बाहुली वाळूत पुरली, उकरली, पुन्हा पुरली. मॅडम जमिनीवर बसून एवढंच म्हणाल्या, ‘ती दिसेनाशी झाली.’ आजीचं नाव नाही, प्रश्न नाही. मग लेकीने मूठभर वाळू त्यांच्या तोंडावर उडवली. ‘राग आलाय तुला. माणसांवर वाळू टाकायची नाही. बादलीत जोरात टाकता येईल.’ ना दटावणी, ना लाडीगोडी. तिने खरंच बादलीत टाकली, चांगली दणादण.

एकंदर प्रगती मॅडम आम्हाला सांगायच्या. खेळातलं जसंच्या तसं नाही. मुलाला कुणी इजा करत असेल, तर मात्र गप्प राहता येत नाही, हेही त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. परतताना रिक्षात ‘आज काय खेळलीस?’ असं खोदून विचारू नये. मला ते फार जड गेलं.

घरीही करण्यासारखं आहे. गर्नी दांपत्याने 1960 च्या दशकात पालकांनाच असं खेळायला शिकवायला सुरुवात केली. आठवड्यातून अर्धा तास, फोन दुसऱ्या खोलीत, खेळ मुलाचा. ‘हा रंग कोणता?’ नको, आणि ‘वा, शहाणी!’सुद्धा नको. ती जे करते तेवढंच बोलायचं: ‘गाडी वळली. थांबली.’ सुरुवातीला आपण क्रिकेटचं धावतं वर्णन करतोय असं वाटतं.

चादरी हळूहळू कोरड्या राहू लागल्या, मधूनच पुन्हा ओल्या झाल्या. ‘दहा सेशनमध्ये गॅरंटी’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. तालुक्याच्या गावी असा थेरपिस्ट मिळणं कठीणच. तिथे जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात चौकशी करा, किंवा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा. फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.